नाथसागराच्या काठानं सायकलवर एक दिवस: पक्षी पाहायला कसं जायचं

पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, हिवाळ्यात सायकलनं पक्षी पाहायला जायचं ठरवलं असेल, तर दिवसभराला 40 किलोमीटर पुष्कळ झाले. डांबरी रस्त्यावर सवयीचा माणूस ताशी 16 ते 18 किलोमीटर सहज काढतो. पण थांबत, दुर्बीण लावत, वहीत लिहीत चाललं की सरासरी ताशी 6 ते 8 वर येते. त्यात एखादं पंक्चर, जेवण आणि चिखलातून सायकल उचलून न्यायची वेळ धरली, तर डिसेंबरातला अकरा तासांचा उजेड पुरता संपतो. 80 किलोमीटरची फेरी आखणारे लोक काठावर पोचतात तेव्हा ऊन चढलेलं असतं आणि बदकं खोल पाण्यात गेलेली असतात.

दिवस चांगला जाणार की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: धरणात पाणी किती आहे, ऊन कुठल्या बाजूनं येतंय आणि वारा कधी सुटतोय. आखणी त्यांच्याकडे बघून करायची, नकाशा त्यानंतर उघडायचा.

पाणी किती आहे ते आधी बघा

जायकवाडीची टक्केवारी मराठवाड्यात पावसाळाभर घरोघरी विचारली जाते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येते. पक्षी पाहणाऱ्यानं ती हिवाळाभरही बघावी. या जलाशयाचा एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर आणि पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर. भागाकार केला तर भरलेल्या धरणाचीही सरासरी खोली सव्वाआठ मीटरच निघते. एवढ्या मोठ्या पाण्याला ही खोली फारच कमी आहे. काठ ताटासारखा पसरट असल्यानं पातळी फूटभर उतरली तरी कितीतरी जमीन उघडी पडते. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी 1,522 फूट असते. आजची पातळी त्याखाली किती आहे ते पाहिलं की काठ कुठवर सरकला असेल याचा अंदाज बांधता येतो.

धरण तुडुंब असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाणी थेट बाभळीच्या बुंध्यांपर्यंत येतं. उथळ जागा कमी असतात. बदकं आलेली असली तरी लांब, आत बसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा बदकांचा खरा काळ: तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक आणि वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचे मोठाले थवे. पाणी मागे सरकून गाळ उघडा पडू लागला की चिखल्या, तुतवार, टिलवा, शेकाट्या, चमचे आणि शराटी काठावर उतरतात. रोहित पक्ष्यांनाही घोट्याएवढं पाणीच लागतं, त्यामुळे ते पाहायचे असतील तर जानेवारीच्या उत्तरार्धानंतर जाणं बरं. मार्चपासून मात्र काठ सोडून द्या. नदी सुरय आणि टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालतात. ती दिसायच्या आधी सायकलीचं चाक त्यांच्यावरून गेलेलं असतं.

उपग्रहावरून घेतलेल्या नकाशातली पाण्याची कड त्या चित्राच्या दिवसाची असते. त्यात ठळक दिसणारी गाडीवाट आज कमरेएवढ्या पाण्याखाली असू शकते. त्यामुळे काठाजवळच्या शेवटच्या वस्तीवर थांबून विचारायचं: “राम राम मामा, पाण्याकडं ही वाट जाती का? चिखल हाय का मधी?” मासेमारी करणारे आणि गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणारे शेतकरी रोज पाण्यावर असतात. “मोठ्या चोचीची पांढरी पाखरं कुठं बसत्यात?” एवढं विचारलं तरी ते नेमकी जागा दाखवतात.

ऊन आणि वारा

पैठण जलाशयाच्या पूर्वेला आहे. पैठणहून ढोरकीनकडे जाणारा मोठा रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये गावरस्त्यांचं जाळं आहे. पिंपळवाडी, इसारवाडीच्या बाजूनं पश्चिमेकडे वळलं की काठ येतो. सकाळी इथं उभं राहिलं तर सूर्य पाठीशी आणि पक्षी समोर, उजेडात असतात. बदकांच्या डोक्याचा रंग आणि पंखावरचा पट्टा नीट दिसतो, ओळख पटते. दुपारनंतर याच जागी ऊन डोळ्यांत येतं आणि पाण्यावरचं सगळं काळं दिसतं. उत्तर काठावर भर दुपारी हीच अडचण होते, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून सकाळ पूर्व काठावर घालवायची आणि दुपारनंतर पाण्याकडे पाठ करून शेतांकडे बघायचं. तेव्हा पश्चिमेचं ऊन शेतावर पडतं आणि ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे, तारेवरचा नीळकंठ, खाटीक पक्षी, पिकालगत उडत भक्ष्य शोधणारा भोवत्या हा शिकारी पक्षी स्पष्ट दिसतात.

वारा पहाटे जवळजवळ नसतो. दहा-साडेदहाला उठतो, आणि हिवाळ्यात तो बहुतेक ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून येतो. वाऱ्यात पाण्याला लाटा येतात आणि लाटांत लहान बदकं मोजता येत नाहीत. जाताना उत्तरेकडे आणि परतताना दक्षिणेला पैठणकडे अशी फेरी ठेवली, तर समोरचा वारा दमलेले नसताना भोगून होतो. संभाजीनगरहून पहाटे सायकलनं निघून पन्नासेक किलोमीटर येणारे परतीच्या वाटेवर नेमके वाऱ्याच्या तोंडी सापडतात. शिवाय बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यामुळे त्या रस्त्यावर अवजड वाहनं सतत असतात. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी गाडीत सायकल टाकून पैठण गाठावं आणि तिथंच मुक्काम करावा. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास, नाथषष्ठीच्या दिवसांत, मुक्कामाची जागा मिळत नाही आणि रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात. ते दिवस टाळा.

सायकल, आणि काट्यांचा बंदोबस्त

गियरची हायब्रिड असो की कॅरियरची साधी काळी सायकल, दोन्ही चालतात. रेसिंगची 25-28 मिलिमीटर टायरची सायकल तेवढी आणू नका. टायर 38 ते 45 मिलिमीटर रुंद असावा. 70 किलोच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये पुढं 35-40 आणि मागं 40-45 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा गावरस्त्याला योग्य. डांबरीवर 10 पीएसआय जास्त चालेल, पण कच्च्या वाटेवर टायर दगडासारखा टणक ठेवला तर सायकल उडत राहते आणि ब्रेक लावताना चाक घसरतं. फारच कमी हवा ठेवली तर खडकावर आपटून रिम ट्यूबला चिमटा घेते. दोन समांतर छिद्रं पडलेली दिसली की समजावं हवा कमी होती, काट्याचा दोष नव्हता.

बाकी जवळजवळ सगळी पंक्चरं काट्यांची असतात. वेड्या बाभळीचा काटा इंचभर लांब असतो आणि टायरच्या बाजूनंही आत शिरतो. सराट्याचा लहान, पण एका खेपेला पाच-सहा घुसतात. शेताच्या बांधावर तोडून टाकलेल्या काट्याकुट्यांच्या कुंपणाजवळून सायकल नेऊ नका, पाच पावलं उचलून न्या. ट्यूबमध्ये सीलंट घालून घेतलं तर सराट्याचा त्रास बराच कमी होतो. 40 मिलिमीटरच्या ट्यूबला साधारण 100 मिलिलिटर पुरतं. टायरच्या बाजूला पडलेली चीर मात्र सीलंटनं बुजत नाही. तिच्यासाठी जुन्या टायरचा किंवा जाड ट्यूबचा दोन इंची तुकडा जवळ ठेवा, तो आतून लावून काम भागतं.

सोबत दोन ट्यूब, आठ ठिगळं, काचकागद, ताजं सोल्युशन (एकदा उघडलेली नळी महिन्या-दोन महिन्यांत आतच सुकते), तीन टायर लिव्हर, हातपंप, चेन तोडायच्या अवजारासकट मल्टिटूल आणि तुमच्या चेनच्या मापाची एक जोडकडी. बारीक दांडीचा फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर त्याचं पितळी अडॅप्टर विसरू नका. गावातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हवर बसतो आणि हातपंप काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर. तुमच्या सायकलीला दोन्ही बसत नाहीत आणि 700सीची, म्हणजे हायब्रिडच्या मोठ्या चाकाची, ट्यूब तर तालुक्यालाही मिळेलच असं नाही.

पंक्चर काढताना टायरवरच्या कंपनीच्या नावासमोर व्हॉल्व्ह येईल असा टायर आधीच बसवलेला असावा. ट्यूब काढली, हवा भरली, छिद्र सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा. टायरवर तेवढ्याच अंतरावर, एका बाजूला नाहीतर दुसऱ्या बाजूला, काटा मिळतोच. तरीही पूर्ण टायर आतून रुमालानं फिरवून पुसा. बोट फिरवलं तर बोटात जातो, रुमाल मात्र टोकाला अडकून जागा दाखवतो. मग छिद्राभोवती काचकागद घासून सोल्युशनचा पातळ थर लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. थर ओलसर चकाकतोय तोवर ठिगळ लावायचं नाही. घाई केली की ठिगळ सरकतं आणि तासाभरात पुन्हा हवा जाते. काठावर बसून ठिगळं लावण्यापेक्षा नवी ट्यूब घालून पुढं जावं आणि ठिगळाचं काम दुपारी सावलीत करावं.

काळी माती

उघड्या पडलेल्या गाळावर वरून भेगा दिसतात, पोपडा वाळलेला असतो आणि आत लोणी असतं. पाणी जवळ येऊ लागलं की उतरून टाच दाबून बघा. टाच बोटाच्या पेरभर रुतली तर सायकल तिथंच ठेवायची. काळी माती टायरला चिकटते, तिच्यावर आणखी चिकटते, आणि वीस-पंचवीस पावलांत मडगार्ड आणि चाक यांच्यामधली फट भरून चाक फिरेनासं होतं. ढकलत नेली तर माती वाढतच जाते, म्हणून खांद्यावर घ्या. चिखलाच्या दिवसांत मडगार्ड घरीच काढून ठेवावेत. बाभळीची एखादी चपटी काडी किंवा प्लॅस्टिकची जुनी पट्टी खरवडायला जवळ असावी. माती अर्धी वाळली की पापुद्र्यानं निघते, ओली असताना नुसती पसरते. मागच्या डिरेलरमध्ये (गियर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागात) गवत किंवा काटकी अडकल्याचा आवाज आला की त्याच क्षणी पाय थांबवा. जोर लावून पेडल मारलं तर डिरेलर चाकात ओढला जाऊन त्याचा हँगर, म्हणजे तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती, मोडतो, आणि तो भाग आसपासच्या गावात मिळत नाही.

गाळपेर केलेल्या जमिनीत हरभरा, गहू, कलिंगडाचे वेल असतात. बांध नसला तरी ते कुणाचं तरी पीक आहे. विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

अंगावर आणि पिशवीत

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10 पटीची घेतली तर सायकलवरून उतरल्याबरोबर छातीच्या ठोक्यांनी चित्र हलतं. 8 पटीतही मिनिटभर श्वास बसू द्यावा आणि कोपर सीटवर टेकवून बघावं. सायकलीची सीट हा फुकटचा स्टँड आहे. गळ्यातल्या साध्या पट्ट्यानं दुर्बीण हँडलवर आपटत राहते, म्हणून पाठीवरून जाणारा हार्नेस लावा. हँडलच्या पिशवीत ठेवणारच असाल तर खाली जाड फोम घाला. खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी आतली भिंगं सरकतात आणि मग एकाऐवजी दोन चित्रं दिसू लागतात.

पहाटे पारा 10-12 अंशांवर असतो, दुपारी 28-30. म्हणून एक जाड कपडा न घालता तीन पातळ थर घाला. मोठ्या रस्त्यावर चकाकणारं जाकीट घालायचं आणि काठाला लागलं की काढून पिशवीत टाकायचं. आतला शर्ट मातकट किंवा मळकट हिरवा असावा. जानेवारीत माणशी 3 लिटर पाणी लागतं, फेब्रुवारीच्या शेवटी 4 ते 5. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातलेली बाटली वेगळी ठेवा. खायला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. धपाटे दोन दिवस टिकतात, मोडत नाहीत आणि एका हातानं खाता येतात. दही सोबत न्यायचा मोह आवरा.

दिवस कसा जातो

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासहाला पुढचा-मागचा दिवा लावून निघावं आणि उजाडताना काठापासून दोनशे मीटरवर असावं. पहिला तास जागा बदलू नका. रात्री शेतांत चरायला गेलेले चक्रवाक परत येतात, वारकरी काठाजवळ चरतात, दलदली भोवत्या चकरा मारू लागतो आणि त्याच्या प्रत्येक फेरीला अख्खा थवा उठून पुन्हा बसतो. मोजायला तीच संधी असते. थव्यातले दहा पक्षी मोजा, ते किती जागा घेतात ते डोळ्यांत ठेवा, मग शंभरांची चौकट बनवून ती थव्यावर सरकवत न्या. मिश्र थव्यात आधी एकूण आकडा आणि मग जातीनुसार अंदाज. हे आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावेत. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यायचा असेल तर हाच सराव कामी येतो.

साडेनऊनंतर उत्तरेकडे गावरस्त्यांनी दोन-तीन जागा बदला. बारा ते अडीच सावलीत थांबा, ट्यूबची कामं उरका. अडीचनंतर शेतांकडे. साडेपाचला मोठ्या रस्त्याच्या जवळ असायलाच हवं, कारण सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, बाजूनं हातभर बाहेर आलेला ऊस आणि मागं दिवा नाही, असं वाहन अंधारात सायकलवाल्याला ढकलून देतं. असा ट्रॅक्टर मागून येताना ऐकू आला तर रस्ता सोडून खाली उतरा. त्याच्याशी वाद नको.

धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नका. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. गावरस्त्यावरून न पाहता आत काठावर जायचं असेल तर वनविभागाला आधी विचारा. ड्रोन नको, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवणं नको.

जवळ कसं जायचं

पाखरांना चालत्या सायकलीची भीती कमी वाटते. ती थांबली आणि तिच्यातून माणूस वेगळा झाला की थवा माना वर करतो. म्हणून थव्यासमोर ब्रेक मारू नका. त्याच वेगानं पुढं निघून जा, पन्नास मीटर पुढं झुडपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला हळूच उतरा आणि तिथून मागं बघा. पेडल थांबवलं की मागच्या चाकाचा टिकटिक आवाज येतो. तो पाखरांना दुरून कळतो, त्यामुळे जवळून जाताना पेडल अगदी हलकं फिरवत राहा. करकरणारे ब्रेक आदल्या दिवशी साफ करून घ्या. माना वर झाल्या, चालत बाजूला सरकू लागले, की तिथंच थांबायचं, एक पाऊलही पुढं नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून, सायबेरियातून आलेल्या पाखराला परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवायची असते आणि आपण उठवलेली प्रत्येक भरारी त्यातूनच जाते.

केनियात नायवाशा सरोवराजवळच्या हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकलवरून झेब्रे, जिराफ आणि हरणं पाहता येतात. तिथंही हीच रीत चालते: न थांबता ओलांडायचं, पुढं जाऊन बघायचं, कळप आणि त्याची पळायची वाट यांच्यामध्ये यायचं नाही. फरक म्हशीचा. आफ्रिकी रानम्हैस एकटी, झुडपात उभी असेल तर तिला ओलांडायचा विचारच करायचा नाही, मागं फिरायचं.

आपल्याकडे जपायचं ते कुत्र्यांना. वस्तीवरची आणि मेंढरांमागची कुत्री पळत्या पायाला धावतात. वेग वाढवू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि मालकाला हाक द्या. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. उसाच्या भागात बिबट्या असतो, म्हणून पहाटे-संध्याकाळी दोन्ही बाजूंनी ऊस असलेल्या वाटेनं एकट्यानं जाऊ नका. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका. उभं राहा, सायकल आडवी धरा, मोठ्यानं बोलत मागं सरका. रानडुकरांसाठी शेताला लावलेल्या तारेला सायकल टेकवू नका. तिच्यात झटका मशीनचा प्रवाह असू शकतो, आणि कुठं कुणी थेट विजेची जोडणी केलेली असली तर ती जीव घेते. रुग्णवाहिकेला 108, जखमी प्राण्यासाठी वनविभागाची मदतवाहिनी 1926.

परत आल्यावर

त्याच रात्री सायकल धुवायची. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं. बादली आणि ब्रश पुरे. चेन पुसून वाळवा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका, नाहीतर उद्याची धूळ त्यावर बसते. मग उजेडात चाक हळूहळू फिरवत टायर तपासा. टोक मोडलेले काटे रबरात राहिलेले असतात. आज हवा टिकली तरी पुढच्या फेरीत वजनानं ते आत सरकतात. सुईनं किंवा चिमट्यानं एकेक उपसून काढा आणि सकाळी पुन्हा हवा मोजा.